हो असेल तर ‘समजलं’ दाबा

पूल आणि रस्त्यांचे आराखडे काढणाऱ्या त्या कचेरीत तिला तोंडावर सगळे ‘मॅडम’ म्हणत आणि पाठ वळली की ‘भोंगा’. तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. नाव ठेवायचंच झालं तर याहून वाईट ठेवता आलं असतं, असं ती घरी हसून सांगायची.

कचेरीतले झाडून सगळे कॉम्प्युटर एका सर्व्हरला जोडलेले होते आणि तो सर्व्हर तिच्या ताब्यात होता. तळमजल्यावर जिन्याच्या पोटात एक थंडगार खोली होती. तिथं तो घुमत बसलेला असे आणि त्याच्या शेजारी भर उन्हाळ्यातही स्वेटर घालून ती. सर्व्हर थोडा वेळ बंद ठेवायचा असला, एखादी डिस्क बदलायची असली, की कामावर बसलेल्या प्रत्येकाच्या स्क्रीनवर आधी निरोप धाडायचा: ‘काम सेव्ह करा आणि बाहेर पडा.’ धाडणं सोपं होतं. एक ओळ लिहायची, पाठवायची, की दोन्ही इमारतींत जो जो म्हणून लॉगिन करून बसला असेल त्याच्यासमोर पिवळा चौकोन उभा. तो कोणाला वाचायला लावणं, हे खरं काम.

कारण वाचत कोणीच नसे. एकदा एका ड्राफ्ट्समनचं दुपारभराचं काम गेलं, पुलाचा अख्खा खांब, आणि तो सर्व्हरच्या खोलीत येऊन तिच्यावर डाफरला, “मला कोणी सांगितलंच नाही!” तिनं तर तीनदा सांगितलं होतं. दुसरी कोणी असती तर भांडली असती. ही भांडली नाही, उठली आणि चार दिवस लोकांच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की चौकोन नेमका चालू रेषेच्या मध्यावर येऊन बसतो, माणसाचं बोट सवयीनं एंटरवर पडतं आणि माशी उडवावी तसा तो उडून जातो. त्यात साहेबही त्याच वाटेनं निरोप पाठवायचे: पार्किंगमध्ये गाड्या सरळ लावा, कपबशा टेबलावर ठेवू नका, अमक्याला निरोपाचा समारंभ आहे. मग खऱ्या निरोपाकडे कोण बघतंय?

तिनं चौकोन स्क्रीनच्या कोपऱ्यात नेला. एंटरनं तो जाईनासा केला. त्याच्यावर ‘समजलं’ असं एक बटण दिलं. ते दाबेपर्यंत चौकोन हलणार नाही आणि दाबलं की तिच्या स्क्रीनवर त्या नावापुढे खूण उमटणार. मग ती साहेबांकडे गेली.

“साहेब, कपबशा आजपासून फळ्यावर.”

साहेब म्हणजे विभागप्रमुख. माणूस वाईट नव्हता, पण निरोप पाठवायची त्यांना हौस होती. “अहो मॅडम, मग लोकांना कळणार कसं?”

“लोकांना कळावं म्हणूनच म्हणते. रोज लांडगा आला म्हणून ओरडलो तर खऱ्या दिवशी कोण धावेल?”

साहेबांनी महिनाभर टोलवाटोलवी केली. ती रोज सकाळी त्यांच्या दारात हजर. शेवटी त्यांनी हात टेकले.

पण सगळ्यांत जास्त कटकट केली ती रबरकाकांनी. रबरकाका म्हणजे आराखडे तपासणारे जुने तपासनीस. खिशात कायम खोडरबर, कागदावरचं काम संपून वर्षं झाली तरी. एवढ्याशा चुकीवरून पोरांना रडकुंडीला आणायचे. ते तणतणत खाली आले आणि दारातूनच म्हणाले, “ए भोंगा!” तोंडावर असं म्हणणारे ते एकटेच. “तुझ्या त्या चौकोनापाशी माऊस न्यायचा म्हणजे माझा हात रेषेवरून उठतो. मला कीबोर्डवरून दाबायची सोय करून दे. आणि डाव्या हाताला. उजवा माझा रिकामा नसतो.”

“एकट्यासाठी करू?”

“एकट्यासाठी कशाला, सगळ्यांसाठी कर. शहाण्यांना उपयोगी पडेल.”

तिला राग आला, पण बोलणं बरोबर होतं. तिनं कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातलं एस्केपचं बटण त्या कामाला लावलं. रबरकाकांनी ना आभार मानले ना कौतुक केलं. पुढं जिन्यात भेटले तरी मान वळवून जात.

त्यानंतर पावणेदोन वर्षांनी कचेरीचा ट्रान्सफॉर्मर बदलायचं ठरलं. वीजखात्याची माणसं दुपारी येणार, बाहेरून लाइन तोडणार, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अंधार. म्हणून सगळ्यांना अर्ध्या दिवसाची सुट्टी. फळ्यावर सूचना आठवडाभर लागली होती. तिनं सकाळपासून तासातासाला निरोप पाठवला आणि जेवणाच्या सुट्टीनंतर शेवटचा: ‘काम सेव्ह करा, लॉग आउट करा, मशीन बंद करा.’

‘समजलं’, ‘समजलं’, ‘समजलं’. खुणा पटापट पडत गेल्या आणि यादीतली नावं एकेक करून गळायला लागली. बाहेर जिन्यावर पावलांचा आणि हसण्याचा गलबला उठला. अर्ध्या दिवसाच्या सुट्टीनं मोठी माणसंही शाळकरी पोरांसारखी होतात. बघता बघता यादी रिकामी झाली. एक नाव तेवढं उरलं.

‘तपासणी’.

ते माणसाचं नाव नव्हतं. तपासनीसांसाठी एक सामायिक लॉगिन होतं, ते चौघं-पाचजण वापरत. कोणत्या मशीनवर, तेही यादीवरून कळेना. रंगकामाच्या वेळी मशिनी या खोलीतून त्या खोलीत हलल्या होत्या आणि नंतर ज्याला जिथं सावली दिसली तिथं त्यानं बूड टेकलं होतं. खोल्यांचे जुने क्रमांक आता नुसते नावाला उरले होते.

तिनं पुन्हा निरोप पाठवला: ‘कृपया लगेच लॉग आउट करा.’

‘समजलं’ची खूण तत्काळ आली. पण नाव यादीतून गेलं नाही.

ती थोडी थांबली. परत पाठवला. परत लगेच खूण. नाव तिथंच.

दारात साहेब आले, मागे वीजखात्याचा मुकादम. हातात पान्यांची पिशवी, डोक्यावर हेल्मेट. “मॅडम, झालं का? हे खोळंबलेत.”

“एक जण आहे अजून.”

“असेल कोणी विसरभोळा. मशीन चालू ठेवून घरी गेला असेल. तोडा.”

“घरी गेलेला माणूस ‘समजलं’ कसा दाबेल साहेब?”

साहेबांनी वाकून पाहिलं. “मग बसला असेल हट्टाला. रेषा पुरी केल्याशिवाय उठायचं नाही म्हणून. आपल्याकडे नमुने काय कमी आहेत?”

तेही खरं होतं. पण हट्टाला बसलेल्यांना ती ओळखून होती. त्यांतला प्रत्येक जण पहिल्या चौकोनाकडे दुर्लक्ष करी, दुसऱ्याला शिव्या घाली आणि तिसऱ्याला फोन करून ‘दोन मिनिटं द्या हो’ म्हणून गयावया करी. हा फोन करत नव्हता. आणि हा चौकोन आल्या आल्या दाबत होता, जणू वाट बघत बसल्यासारखा.

तिनं नुसतंच पाहावं म्हणून लिहिलं: ‘तुम्ही ठीक असाल तर समजलं दाबा.’

कोणी दाबला नाही. साहेब म्हणाले, “बघा, गेला उठून.”

तिला काही ते पटेना. गप्प बसण्याचे हजार अर्थ होतात. तिनं दुसरा निरोप लिहिला: ‘मदत हवी असेल तर समजलं दाबा.’

ओळ पाठवून तिनं हात मांडीवर घेतला न घेतला तोच खूण उमटली.

साहेबांनी पुन्हा वाकून स्क्रीन पाहिली. मुकादमानं पिशवी खाली ठेवली.

‘उठता येतंय का?’ खूण नाही.

‘बोलता येतंय का?’ खूण नाही.

‘हाताशी फोन आहे का?’ खूण नाही.

हे तिनं पाहिलेलं होतं. काही वर्षांपूर्वी तिच्या सासूबाई स्वयंपाकघराच्या फरशीवर पडल्या आणि घरच्यांना वाटलं, दुपारच्या झोपल्या आहेत. संध्याकाळी दार ढकललं तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, आणि डोळे मात्र टक्क उघडे होते. डॉक्टर म्हणाले होते, दोन तास आधी आणलं असतं तर. त्या ‘तर’नं घरात कोणाला सुखानं झोपू दिलं नाही. त्यानंतर दोन वर्षं ती आणि तिची नणंद आळीपाळीनं त्यांच्याजवळ बसत, डावा हात हातात घेऊन विचारत आणि बोटं दाबली की हो समजत. सुरुवातीला ती घाईघाईनं चार प्रश्न एका दमात विचारायची, तेव्हा नणंदेनं तिला टोकलं होतं, “वहिनी, एका वेळी एकच विचार गं. आणि मग थांब. आईला पोहोचायला वेळ लागतो.”

तिनं खुर्ची पुढं ओढली.

“साहेब, अँब्युलन्स बोलवा. आणि तुमचा मोबाइल चालू ठेवून जिन्यात उभे राहा. मी सांगेन तिकडे पळायचं.”

“पण आहे कुठं तो?”

“तेच विचारते आता.” मग ती मुकादमाकडे वळली. “दादा, लाइन तोडू नका. लाइन गेली की त्याची मशीन गेली. मग विचारायचं कुणाला?”

मुकादमानं डोकं खाजवलं. “ताई, माझ्या हातात नाही ते. लाइन पलीकडच्या केंद्रातून जाते, वेळ झाली की ते खटका ओढतात. आख्ख्या भागाचं काम लावलंय.”

“फोन करा ना त्यांना.”

“करतो. पण वचन देत नाही.” आणि तो बाहेर धावला.

तिनं लिहिलं: ‘घाबरू नका. माणसं येत आहेत. मी एकेक विचारते. हो असेल तर समजलं दाबा. नसेल तर काही करू नका.’

खूण.

‘जुन्या इमारतीत आहात का?’

ती वाट पाहत राहिली. आधीच्या खुणा दोन-तीन श्वासांत येत होत्या, म्हणून तिनं दहा श्वास जाऊ दिले. काही नाही.

‘नव्या इमारतीत?’

खूण.

“साहेब, नवी इमारत!” ती फोनमध्ये ओरडली. पलीकडून पावलांची धडधड ऐकू आली.

पहिला मजला? नाही. दुसरा? खूण, पण या खेपेला थोडी उशिरा. तिनं दुसरा मजला सांगितला आणि साहेब धापा टाकत वर चढत असताना तिला प्रश्न पडला, हा आहे तरी कोण? खाली फाटकाशी तपासनीसांपैकी तिघं अजून गप्पा छाटत उभे होते. टेबलावरच्या फोनवरून रखवालदाराला गाठून तिनं विचारलं. उत्तर आलं, आम्ही सगळे इथं आहोत, एक आज रजेवरच आहे, आणि रबरकाका? ते तर केव्हाच गेले असतील, अर्ध्या दिवसाला ते कधी थांबत नाहीत.

विचारायचं तर होतं, पण काय लिहून? त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते यावेळी तिला आठवेना. मग तिनं सरळ लिहिलं: ‘तुम्ही रबरकाका आहात का?’

खूण आली. त्यांना आपलं हे नाव माहीत आहे की नाही, हा प्रश्न कचेरीत कितीतरी वर्षं चघळला जात होता. तो तिथं सुटला.

“साहेब, रबरकाका आहेत!”

“इथं कोणी नाही!” साहेबांचा आवाज फाटला होता. “मॅडम, मी तिन्ही दालनं पाहिली. संडास पाहिले. टेबलांखाली वाकून पाहिलं. दुसरा मजला सुनसान आहे!”

“नीट बघा.”

“आणखी नीट काय बघू? चुकून दाबलं असेल त्यांनी. तिसऱ्यावर जाऊ का?”

ती गोंधळली. दुसऱ्याची खूण उशिरा आली होती, हे खरं. बोट चुकलं असेल? भानच जात असेल? आता साहेबांना तिसऱ्यावर पळवायचं आणि तेही चुकलं तर? सासूबाईंचंही असं होई. थकल्या की बोटं दोनदा वळत. तेव्हा नणंद तोच प्रश्न उलटा करून विचारी. तिनं तसंच केलं: ‘तिसऱ्या मजल्यावर आहात का?’ दहा श्वास. खूण नाही. ‘दुसऱ्या मजल्यावर आहात?’ खूण आली. उशिरा, पण आली.

“साहेब, दुसराच. जागचे हलू नका.”

“अहो पण…”

“दुसराच. मी त्यांचं ऐकते, तुम्ही माझं ऐका.”

मुकादम दारात आला. “ताई, पाच-सात मिनिटं थांबतो म्हणाले. त्यांच्यावरही वरून दट्ट्या आहे.”

“वर जा दादा. दुसऱ्या मजल्यावर साहेब आहेत. तुमची माणसं आणि पिशवी घेऊन जा.”

मग ती विचार करू लागली. तीन दालनं, दोन संडास, एक जिना. रोजचा मजला. पण माणूस तिथं आहे आणि दिसत नाही, म्हणजे रोजच्या दारांखेरीज आणखी एक दार आहे. मशीन तिथं चालतेय, म्हणजे तिथवर नेटवर्कची तार गेली आहे. ती तार कोणी टाकली? तिनं नाही. तिच्या आधीच्या माणसानं टाकली असेल, तर ती कशासाठी?

तिनं लिहिलं: ‘खोलीला खिडकी आहे का?’

एक श्वास. दोन. तीन. चार. पाच. सहा.

आणि दिवे गेले.

सर्व्हरला बॅटरीचा आधार होता, तो घुमत राहिला. तिची स्क्रीनही राहिली. यादीतलं ते शेवटचं नाव मात्र पुसलं गेलं. यादी कोरी झाली, जशी सकाळपासून तिला हवी होती तशी.

खूण आली नव्हती. पण ती नाही म्हणून आली नव्हती, की वेळच पुरला नाही म्हणून? अंदाज चुकला तर माणूस हातचा जाणार. तिनं डोळे मिटून आठवलं. ‘हो’ म्हणायला काकांना सुरुवातीला दोन श्वास लागत होते, नंतर चार. आताचे सहा होऊन गेले होते. सहा श्वास ते थांबले होते. काकांनी ‘नाही’ म्हटलं होतं. तिनं मनाशी ठरवलं: नाहीच.

खिडकी नसलेली खोली. नव्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर.

पूर्वी मोठे आराखडे अमोनियाच्या वाफेवर छापत, तेव्हाची एक खोली असल्याचं ती ऐकून होती. उजेड आत येऊ नये म्हणून तिला खिडकीच ठेवली नव्हती. पुढं छपाईची मोठी मशीन आली तेव्हा तिला तिथं तार टाकून दिली होती आणि मग ती मशीनही खाली हलवली. खोली बंद पडली. तिच्यापुढं कपाटं लागली. दार कुठं होतं, हे जुन्या माणसांखेरीज कोणाला आठवत नसणार, आणि काकांइतका जुना माणूस कचेरीत दुसरा नव्हता.

ती उठली. आता सर्व्हरपाशी बसून उपयोग नव्हता. मोबाइल कानाला लावून ती नव्या इमारतीचा जिना चढत सुटली. “साहेब! मधल्या दालनात कपाटांची रांग आहे ना, तिच्या मागं! अमोनियाची खोली!”

ती वर पोहोचली तेव्हा मुकादमाची माणसं टॉर्चच्या उजेडात कपाटं सरकवत होती. शेवटच्या कपाटामागं माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट होती, आणि वाटेच्या टोकाला दार. साहेबांनी खांदा लावला. आतून कडी होती. काकांनी कोणी येऊन त्रास देऊ नये म्हणून लावलेली.

“सरका साहेब,” मुकादम म्हणाला. त्यानं पहार दाराच्या फटीत घातली, एकदा दम धरला आणि कडी भिंतीतून उचकटून काढली.

आत मिट्ट काळोख. टॉर्चचा झोत फिरला आणि खुर्चीवर थांबला. रबरकाका उजवीकडे कलून बसले होते. उजवा हात खाली लोंबत होता, ओठांचा कोपरा ओघळला होता. चष्मा नाकावरून घसरलेला. डावा हात मात्र टेबलावर होता आणि त्याचं एक बोट कीबोर्डच्या कोपऱ्यातल्या बटणावर टेकलेलं होतं. ते बोट अंधारातही ते बटण दाबत होतं.

तिनं तो हात उचलून आपल्या हातात घेतला. “काका, आलो आम्ही. आता दाबायला नको.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बोटं सैलावली.

अँब्युलन्स फाटकाशी लागली होती. जिना अरुंद, स्ट्रेचर वळेना. शेवटी साहेब आणि मुकादमाची दोन माणसं यांनी काकांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं. साहेबांच्या शर्टाची शिवण काखेत उसवली ती त्यांना दुसऱ्या दिवशी दिसली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, त्रास केव्हा सुरू झाला? ते कोणालाच सांगता येईना. ती म्हणाली, “सकाळचा शेवटचा आराखडा त्यांनी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी सेव्ह केला आहे. तोवर हात चालत होता. मी सर्व्हरवर पाहून आले.” डॉक्टरांनी मान हलवली आणि आत निघून गेले. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायची मुदत अजून टळली नव्हती.

काकू आल्या त्या घरच्या चपलांवर. बारीक चणीची बाई, हातात काकांच्या औषधांची पिशवी कवटाळलेली. बाकावर तिच्याशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, “तू कचेरीतली ना? ती निरोपवाली?”

“हो काकू.”

“घरी सांगायचे, एक फार कडक बाई आहे म्हणून. ऐकत नाही कुणाचं.”

तिनं पाण्याची बाटली त्यांच्यापुढं धरली.

“मला म्हणाले होते, शांत खोली मिळवलीये मी. कुणाला पत्ता नाही, काम कसं सुरळीत होतं. केवढे खुशीत होते.” काकूंचा आवाज चिरकला. “कुणाला पत्ता नाही म्हणे. एवढं काय त्यात खूश होण्यासारखं?” आणि मग त्या रडल्या, रागानंच रडल्या. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दिवस कलता डॉक्टर बाहेर आले. म्हणाले, धोका टळला असं आजच म्हणत नाही, पण वेळेत आणलंत. उजवा पाय हलवायला लागलेत. बोलणं हळूहळू येईल, पहिल्यासारखं येईलच असं नाही.

‘वेळेत’ हा शब्द ऐकला आणि ती कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिनं नणंदेला फोन लावला. सगळं सांगायचं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, “अगं, वेळेत आणलं आम्ही.” पलीकडून नणंदेनं विचारलं, “कुणाला? काय झालं वहिनी? रडतेस का?” मग तिनं पहिल्यापासून सांगितलं आणि सांगता सांगता दोघींनाही रडू आलं. नणंद शेवटी म्हणाली, “आई आज असायला हवी होती गं हे ऐकायला.”

काका तीन महिन्यांनी काठी टेकत चालायला लागले. नोकरीवर परतले नाहीत. बोलताना अडखळत, आणि शब्द सापडला नाही की स्वतःवरच चिडत. काकू म्हणायच्या, चिडतायत म्हणजे ठीक आहेत.

पण हे पुढचं. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी वीज आली तेव्हा साहेब सर्व्हरच्या खोलीत आले. वरच्या कचेरीतून विचारणा झाली होती: काम लांबलं का, दार का फोडलं, जबाबदार कोण. साहेब म्हणाले, “मी लिहून दिलंय. माझ्या हुकमावरून झालं.”

“तुम्ही तर तोडा म्हणत होतात साहेब.”

“म्हणत होतो.” साहेब खुर्चीवर बसले. “रात्रभर तेच आठवत होतं. आता सर्व्हर सुरू करा. लोक वर खोळंबलेत.”

“नाही करणार.”

“काय?”

तिनं टेबलावरून चिकटपट्टीची रिळं आणि जाड पेन उचललं. “आधी प्रत्येक खोलीत जायचं. कोणती मशीन कुठं आहे ते तिच्यावर लिहायचं आणि माझ्याकडेही लिहायचं. ज्या खोलीत मशीन, त्या खोलीला आतून कडी नाही. आणि यापुढं बंद करायच्या दिवशी कोणीतरी प्रत्येक दारात जाऊन डोळ्यांनी बघून येईल. हे झालं की सुरू करते.”

“अहो मॅडम, शंभराच्या वर मशिनी आहेत. दुपार होईल.”

“होऊ दे.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी बाह्या वर सारल्या आणि हात पुढं केला.

“द्या ती चिकटपट्टी. मी फाडून देतो, तुम्ही लिहा.”

आणि दोघं जिना चढून पहिल्या दालनात शिरली.